भादव्यातलं पाणी

पोळा होऊन गेला की आमच्याकडे हवा जड होते. रोवणी आटोपून महिना झालेला असतो, धान गर्भात येऊ लागतं, आणि कामठ्याच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंच्या बांध्या इतक्या गच्च हिरव्या दिसतात की मधली पायवाटसुद्धा झाकून जाते. गोंदियात मात्र त्या हिरव्याचा फक्त वास येतो, तोही राइस मिलच्या ओल्या कोंड्यात मिसळून. दुपारी ऊन चटके देतं, चारला आभाळ भरून येतं, घडीभर धो धो पडतं आणि पुन्हा ऊन. नाल्या काठोकाठ भरतात. दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, आणि वाळले तरी त्यांचा दमट वास जात नाही.

या दिवसांत मला नाकाने जाग येते. साडेसहाला नळ येतात. आधी पाइपातली हवा खरखरते, मग पाणी येतं. पहिली बादलीभर धार मी सांडून देते. मग स्टीलच्या पेल्यात थोडं पाणी धरते, वास घेते आणि पेला खिडकीच्या उजेडात नेऊन पाहते. पूर्वी मी असं काही करत नव्हते. नळ आले याचाच आनंद एवढा असायचा की पाणी कसं आहे हे पाहायचं कोणाच्या मनातही येत नसे.

आमची गल्ली बारा घरांची. तोंडाशी रुंद, मग बोळासारखी अरुंद होत जाणारी आणि शेवटी उतारावर एका मोकळ्या जागेपाशी संपणारी. आमचं घर सातवं. अलीकडे सहाव्या घरात मिश्राभाभी राहतात. तीस वर्षं गोंदियात काढल्याने त्यांना मराठी सगळं कळतं, पण बोलतात त्या हिंदीतच. आमच्या पलीकडे उतारावर पाच घरं. आमच्या घरापर्यंत येईतो पाण्याचा जोर संपलेला असायचा. अंगणातल्या नळाला बोटभर धार यायची आणि वरच्या टाकीत पाणी चढवायला मी आणि माझी जाऊ सरिता बादल्या वाहायचो. जिन्याच्या सतरा पायऱ्या. सरिता देवरीकडची, जंगलातल्या गावात वाढलेली, दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन ती माझ्या आधी वर पोचायची आणि मला हसायची.

चार वर्षांपूर्वी तिला दिवस गेले. लग्नानंतर बराच काळ वाट पाहिली होती. माझा दीर गणेश तिरोड्याला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला, रविवारचा तेवढा घरी यायचा. त्यामुळे सरिता माझ्या हवाली होती आणि मला ते आवडत होतं. तिच्या बादल्या मी बंद केल्या. आता सगळ्या पायऱ्या माझ्या एकटीच्या वाट्याला आल्या, तेव्हा मी यांच्या मागे लागले. पंप लावा म्हटलं. हे राइस मिलमध्ये फिटर आहेत, यांना ते अर्ध्या दिवसाचं काम. नळाच्या लाइनला थेट पंप लावायला मनाई आहे हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण गल्लीत आधीच तीन घरांनी लावले होते, आणि सगळे करतात ते काम चुकीचं वाटेनासं होतं.

पहिल्या दिवशी पंपाने टाकी भरली तेव्हा सरिता पायरीवर बसून पाहत होती. म्हणाली, "ताई, तुमचे खांदे वाचले आता."

त्या पावसाळ्यात तिच्या तोंडाला चव नव्हती. उकळलेलं पाणी तिला नको व्हायचं. "धुरकट लागते ताई, नळाचंच द्या ना," म्हणायची. मी पंप सुरू करून ताजी धार गिलासात धरायची आणि तिला द्यायची. "पी, ताजं आहे." हे मी माझ्या तोंडाने रोज म्हटलं आहे. अजूनही कोणाला पाणी देताना ते शब्द ओठांपर्यंत येतात आणि मी ते गिळते.

पोळ्यानंतर आठवड्याभरात तिला उलट्या सुरू झाल्या. सातवा महिना लागला होता. या दिवसांत होतं असं, म्हणून आम्ही लिंबूपाणी दिलं, तेही त्याच पाण्याचं. तिसऱ्या दिवशी मिश्राभाभी भाजी घेऊन आल्या, सरिताचा चेहरा हातात धरून उजेडाकडे वळवला आणि मला म्हणाल्या, "दीदी, इसकी आँखें देखो. ये पीलिया है." मी रोज तिच्याशी बोलत होते, तिच्या डोळ्यांकडे मात्र पाहिलं नव्हतं. हळदीचं बोट लावल्यासारखे ते पिवळे झाले होते. त्याच दिवशी कळलं की आठव्या घरातले मास्तरही अंथरुणावर आहेत आणि दहाव्या घरातल्या कॉलेजच्या मुलीचीही कावीळ निघाली आहे.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट पाहिलं, डोळे पाहिले, आणि आमच्याशी बोलण्याआधी नागपूरला फोन लावला. पोटुशी बाईला कावीळ झाली तर ती कुठवर जाते, ते मला त्या दिवशी समजलं. अँब्युलन्समध्ये मी तिच्या डोक्याशी बसले होते. ती काहीबाही बोलत होती, तिच्या गावच्या मोहाच्या झाडांबद्दल, कोणाला तरी हाका मारत होती. भंडाऱ्याच्या पुढे तिने मला ओळखणं सोडलं.

बाळ गेलं. मुलगी होती. सरिता चार दिवस शुद्धीत नव्हती. पाचव्या दिवशी तिने डोळे उघडले आणि पोटावर हात ठेवला. दोन दिवसांनी तिला दूध उतरलं. नर्सने घट्ट कापड बांधलं आणि मी ते मागून धरून ठेवलं होतं. त्या वेळी तिची पाठ माझ्याकडे होती, याबद्दल मी आजही कोणाचे तरी उपकार मानते.

घरी परतलो तेव्हा माझ्या मनात फक्त राग होता. दुःखापेक्षा तो बरा वाटत होता, कारण तो कुठेतरी नेऊन टाकता येत होता. मिश्राभाभींना घेऊन मी पाण्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाबूंनी आमचं ऐकून घेतलं, रजिस्टर उघडून दाखवलं आणि म्हणाले, "बाई, टाकीवर रोज तपासणी होते. पाणी शुद्ध आहे." मला ते खोटं वाटलं. तुमच्या शुद्ध पाण्याने आमच्या घरातलं लेकरू गेलं, असं मी म्हणाले आणि बाहेर आले. रिक्षात बसल्यावर मिश्राभाभींनी माझा हात धरला.

दुसऱ्या दिवशी माझा मोठा भाऊ सुखदेवदादा सरिताला पाहायला आला. कामठ्याजवळच्या आमच्या गावात तो ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे. म्हणजे गावच्या विहिरीत आणि टाकीत ब्लिचिंग पावडर टाकणं आणि घरोघरी जाऊन पाणी तपासणं हे त्याचं काम. शेती सांभाळून सकाळी तो ते करतो. आम्ही शहरातले लोक त्या कामाला जरा हसायचो. दादा सरिताच्या खाटेशी बसला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग अंगणात येऊन मला म्हणाला, "काऊन बाई, तुमच्या शहरात पानी कोन पाह्यते?"

"टाकीवर पाहतात म्हणे."

"टाकीचं नाई म्हनत मी. घरातलं कोन पाह्यते?"

त्याने खिशातून एक छोटी बाटली काढली. तिच्यातल्या औषधाचे दोन थेंब पाण्यात टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे, पाणी पिण्याजोगं. रंग आलाच नाही तर क्लोरीन वाटेतच संपलं, म्हणजे वाटेत कुठेतरी घाण मिसळली. एवढीच परीक्षा. आमच्या गावातल्या चौथीतल्या पोरांनाही ती येते. मला बेचाळीस वर्षांच्या बाईला ती माहीत नव्हती.

दादा मुक्कामी राहिला. सकाळी नळ आले तसे आम्ही दोघं गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. मी पेल्यात पाणी धरायची, तो थेंब टाकायचा. पहिल्या घरात पाणी पिवळं झालं. तिसऱ्यात पिवळं. पाचव्यात पिवळं. मिश्राभाभींच्या अंगणात जरा फिकट, पण पिवळंच. कार्यालयातल्या बाबूंचं खरं होतं, हे मला घरागणिक कळत चाललं होतं आणि माझा राग कुठे ठेवावा ते सुचत नव्हतं.

मग आमचं घर आलं. पंप सुरू होता. मी पेला भरला, दादाने थेंब टाकले. ते पाण्यात पसरले आणि दिसेनासे झाले. पाणी होतं तसंच राहिलं. आठव्या घरात तसंच, दहाव्यात तसंच.

दादा आमच्या अंगणात परत आला. "पंप बंद कर," म्हणाला. यांनी बटण दाबलं. बोटभर धार पुन्हा सुरू झाली. ती थोडा वेळ वाहू दिली आणि पुन्हा थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. पंप लावला, पुन्हा तपासलं. रंग नाही. या खेपेला पेला नाकाशी नेला तेव्हा नालीचा वास आला. तो इतका बारीक होता की शोधणाऱ्यालाच यावा. आम्ही कधी शोधला नव्हता.

दारासमोरच्या नालीवर फरशी होती. यांनी आणि दादाने ती उचलली. आमच्या घरात येणारा लोखंडी पाइप त्या काळ्या पाण्यातून गेलेला होता. सासऱ्यांच्या काळापासून तो तिथेच होता. दादाने पाण्यात हात घालून खालून चाचपला आणि एका जागी त्याचं बोट आत गेलं. पाइप गंजून खालून फुटला होता. पंप नव्हता तोवर आमचं पाणी त्या भोकातून बाहेर गळत होतं, म्हणून धार कमी. पंप लावला आणि त्याने नालीच आत ओढायला सुरुवात केली. नळ गेल्यावर रिकाम्या लाइनमध्ये नालीचं पाणी उतरायचं आणि दुसऱ्या सकाळी आमच्या पलीकडच्या घरांत जायचं.

हे पान्हा हातात धरून उभे होते. "मी फिटर आहे," म्हणाले, "मले दिसायला पाह्यजे होतं."

"पंप मी मागितला होता," मी म्हटलं.

दादाने हात धुतले, पुन्हा धुतले. मग म्हणाला, "आता दोन कामं हायेत. पाइप काढा. आन् लोकाईले सांगा. दुसरं काम भारी हाये बाई, पन थे तुलेच करा लागन."

घर सुरक्षित ठेवायचं म्हणजे काय, याचा मी तोवर फार सोपा विचार करत आले होते. आमच्या खिडक्यांना जाळ्या आहेत, दाराला आतून दोन कड्या आहेत, गॅसची नळी मी वेळेवर बदलते, पावसाळ्यात विजेच्या बोर्डला ओला हात लावू देत नाही. परक्या माणसाला ओळख विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाही. आणि ज्या वाटेने रोज न चुकता काहीतरी थेट आमच्या पोटात जात होतं, ती वाट एका फरशीखाली होती. ती फरशी मी रोज सकाळी धुऊन, तिच्यावर रांगोळी काढत होते.

सगळ्यांत आधी सरिताला सांगायला हवं होतं. ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांतला पिवळेपणा उतरत आला होता, गाल आत गेले होते. मी खाली बसून सगळं सांगितलं. पंप, पाइप, भोक, आणि मी दिलेले गिलास.

"डॉक्टर म्हनत होते, कोनत्या घोटानं झालं थे कोनाले सांगता येत नाई," ती म्हणाली.

"ते खरं आहे. पण पाणी आपल्याच घरचं होतं."

"पाइप निघाला का ताई?"

"काढून राहिले."

"मंग आधी थो काढा. रडनं मंग पाहू."

मला वाटलं होतं ती ओरडेल, तोंड फिरवेल, माहेरी जाते म्हणेल. त्यातलं काही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने मला काम दिलं. त्यानंतरच्या चार वर्षांत मी जे काही केलं आहे, ते तिच्या त्या एका वाक्याच्या धाकाने.

संध्याकाळी मिश्राभाभींच्या ओट्यावर मी गल्लीला बोलावलं. आठव्या घरातले मास्तर कसेबसे चालत आले. दहाव्या घरातल्या मुलीचे वडील आले. मी उभी राहून सांगितलं की घाण आमच्या पाइपातून आली. मास्तरांच्या बायकोने विचारलं, "म्हणजे तुमच्यामुळे?" मी म्हटलं, "हो." मुलीचे वडील उठले आणि निघून गेले. पुढे वर्षभर ते आमच्याशी बोलले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. मग मिश्राभाभी बोलल्या. "दीदी, पाइप तो मेरा भी नाली में से ही जाता है. आज नहीं तो कल मेरा भी सड़ेगा."

त्या वाक्याने लोक हलले. दुसऱ्या सकाळी एकेका दारातली फरशी उचलली गेली. बारा घरांपैकी नऊ पाइप नालीतून गेलेले निघाले. मी पुन्हा कार्यालयात गेले. या वेळी आवाज न चढवता बाबूंची माफी मागितली आणि माणूस द्या म्हटलं. त्यांनी जुना जाणता नळवाला पाठवला. त्याने पाइप नालीच्या वरून, नवीन प्लास्टिकच्या नळीतून कसा न्यायचा ते दाखवलं. यांनी मिलमधून सुटी घेतली आणि प्रत्येक घराच्या कामाला हात लावला. पाण्यात उभं राहून त्यांचे पाय पांढरे पडले होते. पाइप आठवड्यात झाले. पंप मात्र लोकांच्या मनातून निघायला दिवाळी उजाडली. "आमचा पाइप तर नवा आहे, मग पंप का नको?" असं जो तो विचारायचा. मी पुन्हा पुन्हा तेच सांगायची. जमिनीखाली काय फुटलं आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि ओढणारा पंप स्वच्छ-घाण पाहत नाही.

पंप निघाले तसा पाण्याचा जोर आपोआप वाढला. आमच्या अंगणातल्या टाक्यात आता सरळ पाणी पडतं, आणि पंप लागतो तो त्या टाक्यातून वर चढवायला.

दादा जाताना ती बाटली ठेवून गेला. संपली की नवी आणून देतो. दर सोमवारी आम्ही तीन घरांचं पाणी पाहतो. आधी मी एकटी जायची, मग सरिता येऊ लागली. तिला अजून मूल झालेलं नाही. त्याबद्दल आम्ही बोलत नाही, पण पाण्याबद्दल ती खूप बोलते. मागच्या गल्लीतल्या बायका आता तिलाच हाक मारतात. ती जाते, थेंब टाकते, रंग पाहते, नालीवरची फरशी उचलायला लावते. मास्तर बरे झाले, कॉलेजची मुलगी नोकरीला लागली. तिचे वडील एका सकाळी स्वतःहून पेला भरून आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "जरा पाहता का." मी पाहिलं. पिवळं झालं. ते मान हलवून गेले.

यंदा गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेवर नवीन घर उभं राहिलं. पोळ्याच्या आधी लोक राहायला आले, नवरा, बायको आणि दोन लहान मुली. गेल्या सोमवारी सकाळी त्या बाजूने पंपाचा आवाज आला. मी आणि सरिता गेलो. गृहस्थ टॉवेल खांद्यावर टाकून फाटकाशी आले. मी सांगू लागले की इथे लाइनला पंप लावत नाहीत.

"काऊन? लाइन तुमची आहे का?" त्यांनी विचारलं. "पाण्याचा पैसा आम्हीही भरतो."

मी आमच्या पाइपाची गोष्ट सुरू केली. हजारदा सांगितलेली, त्यामुळे जरा पाठ झालेली. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. त्यांची बायको मागे दारात येऊन उभी राहिली, धाकटी मुलगी तिच्या कडेवर.

तेव्हा सरिताने माझ्या हातावर हात ठेवला आणि मला थांबवलं. चार वर्षांत तिने हे कोणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. तिने गृहस्थांकडे पाहिलंच नाही, ती त्या बाईंशी बोलली.

"माह्या पोटात सात महिन्यांची पोरगी होती. असंच पानी मी पेली. मी वाचली, थे नाई वाचली." तिचा आवाज साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "तुमच्या दोघी लहान हायेत. मले भांडाचं नाई. पंप बंद करा, एवढंच."

बाईंनी कडेवरची मुलगी नवऱ्याच्या हातात दिली आणि त्या आत गेल्या. आतून बटणाचा आवाज आला, पंप गुरगुरत मंदावला आणि बंद पडला.

सरिताने पिशवीतून बाटली काढली. "पेला आना," ती त्यांना म्हणाली, "आता पाहू, कसं येते पानी."